पेनल्टी खेळाडू चुकवतो, मग नोकरी कोचची का जाते?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. अंधेरीला मुंबई सिटी या फुटबॉल क्लबची मॅच सुटल्यावर आझाद नगर मेट्रोकडे चालताना हा प्रश्न हमखास येतो, मुलांना सरावाला आणणारे पालकही तेच विचारतात.

थेट उत्तर असं की पंचवीस खेळाडूंना एकदम घरी पाठवता येत नाही. त्यांचे करार असतात आणि नवे खेळाडू घ्यायला वर्षातून ठरावीक मुदतच मिळते. संघ हरत सुटला, प्रेक्षक चिडले की मालकाला काहीतरी केल्याचं दाखवावं लागतं, आणि लगेच बदलता येण्यासारखा माणूस एकच असतो. त्याच्यासोबत असिस्टंट आणि फिटनेस ट्रेनर यांचंही बिऱ्हाड बऱ्याचदा हलतं. त्यांची बातमी होत नाही.

नवा कोच आला की संघ दोन-तीन सामने जिंकतो, हेही खरं. पण सलग पाच सामने हरलेला संघ सहावा-सातवा कधीतरी जिंकणारच होता. त्याचं सगळं श्रेय नव्या माणसाला देणं मला पटत नाही.

मुंबई सिटीचे कोच डेस बकिंगहॅम आठवतात ना? २०२२-२३ मध्ये त्यांच्या हाताखाली मुंबई सिटी इंडियन सुपर लीगमधले पहिले अठरा सामने हरली नाही आणि गुणतक्त्यात पहिली येऊन शील्ड घेऊन गेली. त्याआधी २०२२ मध्ये रियाधला इराकच्या एअर फोर्स क्लबला हरवलं, आशियातल्या क्लबांच्या एएफसी चॅम्पियन्स लीगमध्ये भारतीय क्लबचा तो पहिला विजय. नोव्हेंबर २०२३ मध्ये ते ऑक्सफर्ड युनायटेडला गेले, म्हणजे स्वतःच्याच गावी. मे २०२४ मध्ये लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर बोल्टन क्लबला २-० हरवून त्यांनी संघाला पंचवीस वर्षांनी इंग्लंडच्या दुसऱ्या श्रेणीत नेलं. आणि त्याच डिसेंबरात त्यांना काढलं! पुढच्या मॅनेजरने संघ त्या श्रेणीत टिकवला, त्यामुळे निर्णय चुकला असं मी म्हणू शकत नाही. तरी वाईट वाटलं ते वाटलंच. संघाला ज्याने वर नेलं, तिथल्या तगड्या संघांशी झुंजायला त्याला एक पूर्ण हंगामही मिळाला नाही.

पण मुंबईकराने या प्रश्नासाठी ऑक्सफर्डपर्यंत जायची गरज नाही. आपल्याकडे कोच खालिद जमील आहेत.

दुखापतींमुळे त्यांचं खेळणं लवकर थांबलं. २००९ मध्ये ते मुंबई एफसीचे कोच झाले आणि पुढे २०१६ पर्यंत हा संघ आय-लीगमध्ये, म्हणजे तेव्हाच्या देशाच्या राष्ट्रीय लीगमध्ये, टिकून राहिला. ट्रॉफी नाही, गाजावाजा नाही. कूपरेजवर शेजारी बसलेले लोक वैतागायचे, सारखा बचाव काय करताय म्हणून. मला तेव्हाही वाटायचं, आणि आजही ठामपणे वाटतं, की मोठमोठ्या क्लबांच्या रांगेत तुटपुंज्या बळावर दरवर्षी उभं राहणं हेच त्यांचं मोठं काम होतं. ते गेले आणि पुढच्याच हंगामात मुंबई एफसी तळाला जाऊन लीगबाहेर पडली.

त्याच हंगामात, २०१६-१७ मध्ये, जमील मिझोरामच्या आयझॉल क्लबला होते. हा क्लब आदल्या वर्षी खालच्या श्रेणीत घसरला होता, त्याला लीगमध्ये पुन्हा जागा मिळाली एवढंच. शेवटी आयझॉलचे ३७ गुण, मोहन बागानचे ३६. ईशान्येतला क्लब पहिल्यांदा राष्ट्रीय विजेता झाला. माणूस तोच, आधी पाठ शाबूत ठेवून मग पुढे जायची पद्धतही बरीचशी तीच. मुंबईत तिला कंटाळवाणी म्हणत होते, मिझोरामात तिच्यासाठी लोक रस्त्यावर येऊन नाचले.

नंतर कोलकात्यात ईस्ट बंगाल, मग मोहन बागान. दोन्हीकडे मुक्काम थोडाच. २०२१ मध्ये नॉर्थईस्ट युनायटेडने हंगाम अर्ध्यावर असताना सूत्रं दिली, तर संघ प्ले-ऑफमध्ये पोहोचला. पुढच्या हंगामात तेच कोच, आणि संघ अकरांत दहावा. मग जमशेदपूर, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये भारताचं प्रशिक्षकपद. सप्टेंबरात मध्य आशियातल्या काफा नेशन्स कप स्पर्धेत ओमानला पेनल्टींवर हरवून तिसरा क्रमांक मिळाला, तेव्हा ज्यांनी मला कौतुकाचे फोन केले, त्यांतलेच काही जण ऑक्टोबरात मडगावला सिंगापूरकडून १-२ हरून आशियाई चषकाची दारं बंद झाल्यावर विचारत होते, ‘आता यांना काढणार का हो?’

पाच आठवड्यांत माणूस इतका बदलतो का? क्लबचा मॅनेजर निदान पुढच्या मुदतीत गोल करणारा एखादा स्ट्रायकर मागू शकतो. देशाच्या कोचला तीही सोय नाही, आहेत त्यांतूनच निवडायचं आणि सरावाला मिळतात ते मोजके दिवस. आपल्या क्लबांत गोल करायची जागा वर्षानुवर्षं बहुतेक परदेशी खेळाडूंकडे राहिली आहे. म्हणून तर भारताचे स्ट्रायकर सुनील छेत्रींना चाळिशीत निवृत्ती मागे घ्यावी लागली, आणि हे घडलं मार्च २०२५ मध्ये, जमील यांच्या नेमणुकीच्या पाच महिने आधी.