जुनी इस्टेट गाडी: आधी पत्रा, मग इंजिन

इंडिगो मरिना किंवा बलेनो अल्टुरासारखी जुनी इस्टेट, म्हणजे मागे लांब डिकीची गाडी, बघायला जाताना टॉर्च, लोहचुंबक आणि स्क्रूड्रायव्हर सोबत ठेवा. किनाऱ्यालगत वावरलेल्या गाडीचं इंजिन दुरुस्त होतं. खाऱ्या वाऱ्याने खाल्लेला पत्रा मात्र दरवर्षी खिसा कापतो. दाराखालची पट्टी, मागच्या चाकांच्या कमानी, स्ट्रटची (शॉकअॅब्सॉर्बरच्या खांबाची) वरची बैठक टोचून बघा. पत्र्याला चुंबक धरत नसेल तर रंगाखाली पुट्टी आहे. सौदा सोडा.

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या कच्च्या वाटांना २५ मिमी वाढीव उंची पुरते. त्याहून जाड स्पेसर (उंची वाढवणाऱ्या चकत्या) घातले की ड्राइव्हशाफ्टचा, म्हणजे चाक फिरवणाऱ्या दांड्याचा, कोन वाढतो, त्याच्या टोकाच्या सीव्ही जॉइंटचं (सांध्याचं) रबर फाटतं, आत चिखल शिरतो आणि वळताना कटकट सुरू होते. उंची बदलल्यावर चाकांची अलाइनमेंट करायलाच हवी. १७५/६५ आर१४ टायरऐवजी १७५/७० आर१४ घातले तर आणखी जेमतेम ९ मिमी मिळतात, वर स्पीडोमीटर ३ टक्के कमी दाखवतो.

इंजिनच्या तळाच्या ऑइल सम्पखाली (ऑइल साठणाऱ्या भांड्याखाली) ३ मिमी लोखंडी गार्ड पुरे. तो सबफ्रेमलाच (इंजिनखालच्या सांगाड्यालाच) बोल्ट करा, ऑइल सोडायच्या नटासमोर भोक ठेवा आणि पाणी निथळायला आणखी दोन-चार. नाहीतर तांबडी माती आत थापून बसते आणि गार्डच आतून गंजतो.

छतावरचं कॅरियर? दिसतं झकास. पण पाण्याचे कॅन आणि हत्यारं खाली, मागच्या सीटला टेकवून, पट्ट्यांनी आवळून.