सड्याखालच्या पिवळ्या टाचण्या : तिसऱ्या हंगामाची नोंद

गेल्या सप्टेंबरात सिंधुदुर्गातील एका सड्याच्या, म्हणजे जांभ्या खडकाच्या पठाराच्या, पायथ्याशी असलेल्या खासगी तळीवर, मालकांची परवानगी घेऊन, मी पिवळ्या पोटाच्या चार नर टाचण्या (चतुरांच्या जवळचे, सडपातळ अंगाचे कीटक) गोळा केल्या होत्या. चौघींच्याही छातीवर नेहमीची हिरवट झाक नव्हती, ती फिकट तपकिरी दिसत होती, आणि त्यामुळेच ही काही वेगळी प्रजाती असावी असा संशय मला आला. हिवाळाभर केलेल्या तपासणीनंतर त्यांपैकी तीन टाचण्यांचा निर्णय झाला आहे. चौथीचा झालेला नाही.

या टाचण्या सेरियाग्रियन या जीनसमधल्या (जवळच्या प्रजातींच्या गटातल्या) आहेत एवढे पहिल्याच दिवशी ठरले होते, कारण कपाळावर आडवा गेलेला कंगोरा हे या जीनसचे लक्षण साध्या भिंगातूनही दिसते. अडचण त्यापुढे सुरू होते. इतर अनेक टाचण्यांच्या अंगावर काळ्या-निळ्या पट्ट्यांची नक्षी असते आणि ती मोजून, जुळवून पाहता येते. सेरियाग्रियनचे अंग बहुधा एकरंगी असते, त्यामुळे रंगावर भर द्यावा तर हाती फारसे काही लागत नाही. या जीनसमधली आपल्याकडे सर्वत्र आढळणारी कोरोमँडेलियानम ही प्रजाती डॅनिश कीटकशास्त्रज्ञ फॅब्रिशियसने १७९८ मध्ये लॅटिनमधल्या मोजक्या ओळींत वर्णिली. ब्रिटिश कीटकशास्त्रज्ञ फ्रेझरने १९३३ मध्ये टाचण्यांवरच्या आपल्या खंडात तिचे सविस्तर वर्णन केले. तरीही या भागातल्या सेरियाग्रियनच्या सगळ्या प्रजाती सापडून संपल्या असे म्हणता येत नाही, कारण २०१९ मध्ये सिंधुदुर्गातूनच सेरियाग्रियन क्रोमोथोरॅक्स ही नवी प्रजाती जगापुढे आली. पुढच्याच वर्षी कोकणातून ब्रॅडिनोपायगा कोंकणेन्सिस आणि २०२२ मध्ये सिंधुदुर्गातल्याच चौकुळहून बर्मागोम्फस चौकुलेन्सिस या चतुरांची भर पडली. म्हणून या तळीकडे मी इतक्या बारकाईने पाहत आहे.

तीन टाचण्यांचा निकाल कसा लागला ते थोडे विस्ताराने सांगतो, कारण हीच चूक दुसऱ्या कोणाकडूनही होण्यासारखी आहे. कोषातून नव्हे, तर पाण्यातल्या अळीच्या कातेतून बाहेर पडलेली टाचणी सुरुवातीला फिकट आणि मऊ असते. तिचा खरा रंग पुढच्या काही दिवसांत चढतो. माझे तिन्ही नमुने वाळल्यावर छातीच्या बाजूने आत दबले आणि पोटावर सुरकुत्या पडल्या, म्हणजे त्यांची कातडी अजून पुरती कडक झालेलीच नव्हती. पंखांना कोवळ्या टाचणीला असते तशी काचेसारखी चकाकी होती, हे मी त्या वेळी काढलेल्या छायाचित्रांतही आता स्पष्ट दिसते. नंतर शेपटाच्या टोकाची उपांगे चाळीसपट मोठी करून बाजूने, वरून आणि मागून पाहिली, तेव्हा ती कोरोमँडेलियानमच्या पूर्ण वाढलेल्या नराशी तंतोतंत जुळली. रंग वयाबरोबर बदलतो, उपांगांचा आकार बदलत नाही. ही एकच कसोटी मी आधी लावली असती तर दोन महिने वाचले असते.

चौथा नर मात्र कडक कातडीचा, पूर्ण वाढलेला आहे. त्याची वरची उपांगे बाजूने पाहिली असता टोकाशी किंचित आत वळलेली दिसतात आणि त्या वळणावर एक बारीक काळा दात आहे. कोरोमँडेलियानमच्या माझ्याकडच्या अकरा नरांपैकी एकातही तो या जागी नाही. मी त्याची तीन कोनांतून रेखाचित्रे काढली, दोनदा खोडली आणि पुन्हा काढली. नराची ही उपांगे मादीच्या मानेजवळच्या भागात चिमट्यासारखी बसतात, त्यामुळे त्यांच्या आकाराला वर्गीकरणात एवढे वजन आहे. पण एकाच नरातला एक दात म्हणजे व्यंगही असू शकते. एका नमुन्यावर नवी प्रजाती जाहीर करण्यास नियमांची आडकाठी नाही, तरीही सेरियाग्रियनसारख्या जीनसमध्ये तसे करणे मला योग्य वाटत नाही.

नमुने जतन करण्याबाबत एक गोष्ट. ॲसिटोनमध्ये रात्रभर ठेवल्यास रंग पुष्कळ टिकतो, परंतु पहिल्या हंगामात मी चिठ्ठ्या बॉलपेनने लिहिल्या आणि त्यावरची शाई द्रावणात उतरून गेली. सहा नमुन्यांची जागा व तारीख कायमची हरवली आणि ते नमुने अभ्यासासाठी निरुपयोगी ठरले. आता मी पेन्सिलीने गाव, अक्षांश-रेखांश, उंची, तारीख आणि गोळा करणाऱ्याचे नाव लिहितो. ॲसिटोनमध्ये टाकण्यापूर्वी एक पाय काढून शुद्ध इथेनॉलमध्ये वेगळा ठेवतो, म्हणजे पुढे प्रजाती ओळखण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या कॉक्स-१ जनुकाचा ६५८ अक्षरांचा तुकडा वाचून घेता येईल. तो पुरावा उपयोगी पडेल. मात्र अमुक टक्के फरक म्हणजे नवी प्रजाती असे ठरलेले माप नाही, त्यामुळे शरीररचनेचे काम त्यातून सुटत नाही.

हे खरोखरच नवे निघाले तर पुढची वाट ठरलेली आहे. सन २००० पासून लागू असलेल्या आंतरराष्ट्रीय प्राणिनामकरण संहितेनुसार नव्या प्रजातीचा होलोटाइप, म्हणजे ज्या एका नमुन्याला ते नाव कायमचे बांधले जाते तो, स्पष्ट नेमावा लागतो आणि तो कोणत्या संग्रहात ठेवला जाणार हेही सांगावे लागते. आपल्या २००२ च्या जैवविविधता कायद्यानेही असे नमुने नियुक्त संस्थेत जमा करणे बंधनकारक आहे. घरच्या कपाटात ठेवलेला नमुना पुढच्या अभ्यासकाला तपासता येत नाही, म्हणून हा नियम मला मनापासून पटतो.

तूर्त या नराला मी कोणतेही नाव दिलेले नाही. माझ्या वहीत तो ‘तळी, नमुना ४’ एवढाच आहे. येत्या सप्टेंबरात त्याच तळीच्या दक्षिण काठावरच्या गवतात सकाळी नऊनंतर बसायचे ठरवले आहे. जोडीने उडणारे नर-मादी मिळाले तर दोन्ही एकाच प्रजातीचे मानायला चांगला आधार मिळेल आणि मादीच्या मानेजवळच्या भागाशी त्या दाताची जागा ताडून पाहता येईल. किमान पाच पूर्ण वाढलेले नर हाती येईपर्यंत मी काही लिहून पाठवणार नाही. कोकणातल्या तळ्यांवर काम करणाऱ्या कोणाकडे सेरियाग्रियन नरांच्या उपांगांची बाजूने घेतलेली स्पष्ट छायाचित्रे असतील, तर ती मला ताडून पाहायला नक्की हवी आहेत.