बीकेएफच्या पोटातलं पुस्तक

मागच्या महिन्यात ऐन दुपारी एक गृहस्थ दारात उभे राहिले. "वहिनी, ओळखलंत का? आईचं पुस्तक तुमच्याकडेच केलं होतं." चेहरा ओळखीचा वाटेना, पण त्यांनी पिशवीतून पुस्तक काढलं आणि क्षणात सगळं आठवलं. ९६ पानं, कव्हरवर वाड्याच्या दिंडीदरवाजाचं रेखाचित्र. त्यांच्या आईंनी स्वतःच्या आठवणी लिहिल्या होत्या. त्यात १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुराचं एक प्रकरण आहे. नारायण पेठेत पाणी चढत होतं तेव्हा त्या लहान भावाला कडेवर घेऊन, कठड्याला धरत धरत जिना चढल्या होत्या. ते प्रकरण टाइप करताना मी दोनदा उठून पाणी प्यायले होते.

२००८ साली नातलगांना वाटायला म्हणून १०० प्रती छापल्या होत्या. आई आता नाहीत. नातवंडांना प्रती हव्या आहेत आणि घरात एकच उरली आहे. "फाइल असेल ना तुमच्याकडे?"

"आहे," मी म्हटलं. आणि रात्री झोप लागेना, कारण फाइल कुठे आहे ते मला नेमकं माहीत होतं. कपाटातल्या एका जुन्या डिस्कवर. त्या डिस्कवर माझ्या मुलाने पांढरी पट्टी चिकटवून मार्करने लिहून ठेवलंय: व्हायरस आहे, लावू नये.

१९९९ ते २०१२ मी घरच्या पुढच्या खोलीत डीटीपीची, म्हणजे छपाईआधी कॉम्प्युटरवर मजकूर टाइप करून पानं लावायची कामं केली. लग्नपत्रिका, पीएचडीचे प्रबंध, दिवाळी अंक, स्मरणिका. पानं लावायला पेजमेकर, चित्रांना कोरल, मराठी अक्षरांना श्रीलिपी, एवढ्यावर घर चालायचं. काम झालं की पेन ड्राइव्ह घेऊन ट्रेसिंग, म्हणजे छपाईसाठी पारदर्शक कागदावरची प्रत, काढायला जायचं. तिथल्या कॉम्प्युटरला दिवसभरात पन्नास जणांचे पेन ड्राइव्ह लागायचे, त्यामुळे जाताना एक पुस्तक न्यायचं आणि येताना बरोबर किडा, म्हणजे व्हायरस, घेऊन यायचं, असं सगळ्याच डीटीपीवाल्यांचं चालायचं. दोष कुणा एकाचा नव्हता.

तो किडा काय करायचा हे मला तेव्हा कुणी समजावून सांगितलं नाही, म्हणून इथे सांगते. पेन ड्राइव्हवर ऑटोरन डॉट आयएनएफ नावाची एक छोटी मजकुराची फाइल तो ठेवून द्यायचा. विंडोज एक्सपीत माय कॉम्प्युटरमध्ये जाऊन ड्राइव्हवर डबल क्लिक केलं, की त्या फाइलीत लिहिलेला प्रोग्राम चालू व्हायचा. मग तो आपली खरी फोल्डरं लपवायचा आणि त्याच नावाची, फोल्डरचंच चित्र लावलेली डॉट ईएक्सई, म्हणजे प्रोग्रामची, फाइल तिथे ठेवायचा. फाइलीच्या नावाचं शेपूट, म्हणजे शेवटचं डॉट ईएक्सई, एक्सपी दाखवत नसे, त्यामुळे माणूस आपलं फोल्डर समजून ते उघडायचा. आत खरं फोल्डरही उघडायचं. शंका यायची कशी? ही वाट मायक्रोसॉफ्टने एक्सपीसाठी फेब्रुवारी २०११ च्या अपडेटमध्ये बंद केली. तोवर आमची सात-आठ वर्षं त्यातच गेली होती.

मी बॅकअप मात्र नेमाने घ्यायचे. दर महिन्याच्या शेवटी एक्सपीतल्याच बॅकअप प्रोग्रामने पूर्ण डी ड्राइव्ह बाहेरच्या १६० जीबीच्या डिस्कवर जायचा. तो प्रोग्राम सगळ्याची मिळून एकच मोठी फाइल बांधतो, तिचं शेपूट बीकेएफ. लोणच्याच्या बरणीसारखं: सगळं आत, वर दट्ट्या. माझ्या नीटनेटकेपणाने घात असा केला की खऱ्या फायलींबरोबर ते सोंग घेतलेले किडेही दर महिन्याला बरणीत जात राहिले.

२००९ साली कॉम्प्युटर बदलला. दुरुस्ती करणाऱ्याने जुनी डिस्क जोडून अँटिव्हायरस चालवला, लाल अक्षरांत यादी आली आणि त्याने सगळं निवडून डिलीट केलं. "व्हायरस गेला, वहिनी." व्हायरस गेलाच. बीकेएफच्या आत सापडलेला एक तुकडा तेवढाच काढणं त्या अँटिव्हायरसला जमत नव्हतं, म्हणून त्याच्याबरोबर २००७ ची अख्खी बरणी गेली. तिच्यात माझ्या सासऱ्यांनी लिहिलेला घराण्याचा वृत्तान्त होता. चौऱ्याहत्तराव्या वर्षी ते मराठी टायपिंग शिकले होते. दुपारी माझं काम थांबलं की खुर्चीवर उशी ठेवून बसायचे आणि एका बोटाने टाइप करायचे. चाळीस पानं झाली होती. त्यांना सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "असू दे गं." पुन्हा त्या खुर्चीवर बसले नाहीत. डिलीट झालेली फाइल तिच्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत परत मिळू शकते, हेही मला तेव्हा माहीत नव्हतं. मी त्याच डिस्कवर पुढच्या महिन्याचा बॅकअप घेतला.

त्यामुळे यंदा डिस्क हातात घेतली तेव्हा एक गोष्ट मनाशी पक्की होती: बॅकअपवर बसलेल्या अँटिव्हायरसच्या डिलीट बटणाला मी व्हायरसपेक्षा जास्त भ्यायचं. बॅकअपमधला व्हायरस झोपलेला असतो. कुणी त्याच्यावर डबल क्लिक करेपर्यंत तो नुसती एक फाइल असतो. घाई आपल्याला असते.

वारज्याला राहणारा माझा भाचा रविवारी आला, येताना एका पेन ड्राइव्हवर लिनक्स, म्हणजे विंडोजऐवजी कॉम्प्युटर चालवणारी दुसरी प्रणाली, घालून घेऊन. लॅपटॉप त्या पेन ड्राइव्हवरून चालू केला की विंडोज जागंच होत नाही, आणि विंडोजसाठी लिहिलेला किडा लिनक्सवर आपणहून चालत नाही. वायफाय बंद केलं. मग डिस्क लावली.

"मावशी, आधी काय शोधायचं?" त्याने विचारलं.

"आधी काहीच शोधायचं नाही. आधी प्रत काढायची."

९० जीबीला तीन तास लागले. मध्येच डिस्क कटकट वाजायला लागली, तेव्हा आम्ही दोघंही श्वास धरून बसलो होतो. प्रत पुरी झाल्यावर मूळ डिस्क पट्टीसकट परत कपाटात गेली. पुढचं सगळं काम प्रतीवर.

लिनक्समध्ये लपवलेली फोल्डरं लपलेली राहत नाहीत आणि नावाचं शेपूटही पूर्ण दिसतं. पत्रिका फोल्डर, शेजारी पत्रिका डॉट ईएक्सई. प्रबंध, शेजारी प्रबंध डॉट ईएक्सई. मापाने लावून पाहिलं तर अशा ४१ फाइली एकाखाली एक आल्या, सगळ्यांचं माप बाइटपर्यंत सारखं. वेगवेगळ्या कामांची मापं सारखी असतील कशी? हा पुरावा कुठल्याही अँटिव्हायरसशिवाय डोळ्यांनी दिसतो.

भाच्याने क्लॅमएव्ही नावाचा अँटिव्हायरसही चालवला. व्हायरसांची ताजी यादी त्याने आधीच उतरवून आणली होती. क्लॅमएव्हीने त्या ४१ धरल्या आणि वर आणखी दोन: पेजमेकरचा सेटअप आणि एक फॉन्ट बसवणारा प्रोग्राम. त्यांना सॅलिटी नावाचा व्हायरस लागला होता. ही जात वेगळी. ती सोंग घेत नाही, खऱ्या प्रोग्रामच्या अंगात शिरते आणि त्याच्याबरोबर चालते. भाचा म्हणाला, साफ करून बघू का? मी नको म्हटलं. मला प्रोग्राम नकोच होते.

इथे मला जे उमगलं ते नीट सांगायचंय. आपण व्हायरस काढायला बसतो म्हणजे तांदळातून खडे वेचायला बसतो. एक खडा राहिला तरी दाताखाली येणारच. पण जुन्या घरगुती बॅकअपमधून आपल्याला हवं असतं ते फार थोडं असतं आणि ते आपल्याला ओळखता येतं. मग खडे परातीतच राहू द्यावेत, तांदूळ वेचून दुसऱ्या भांड्यात घ्यावेत. मी कागदावर लिहिलं: पेजमेकरच्या पी६५ आणि पीएमडी, कोरलच्या सीडीआर, फोटोंच्या जेपीजी आणि टिफ, वर्डच्या डॉक. एवढ्याच शेपटांच्या फाइली नव्या फोल्डरात घ्यायच्या. ईएक्सई, एससीआर, व्हीबीएस, एलएनके आणि ऑटोरन डॉट आयएनएफ, यांतलं एकही नाही. फोटो डॉट जेपीजी डॉट ईएक्सई अशी दोन शेपटं असलेली फाइलही नाही. वर्डच्या फाइलींत मॅक्रोचा, म्हणजे फाइलीतच लिहिलेल्या छोट्या प्रोग्रामचा, व्हायरस असू शकतो, म्हणून त्या लिबरऑफिसमध्ये मॅक्रो बंद ठेवून उघडल्या.

हे सुट्या फाइलींचं झालं. पुस्तक मात्र बरणीत होतं. सुट्या फाइलींत २००९ च्या पुढचं काम होतं आणि आठवणींचं फोल्डर जून २००८ च्या बीकेएफमध्येच होतं. बीकेएफ उघडण्याचे आणखीही मार्ग आहेत असं भाचा म्हणत होता, पण मला ज्या प्रोग्रामने बांधली त्याच्याच हातून ती सोडवून घ्यायची होती.

म्हणून माळ्यावरचा एक्सपीचा जुना कॅबिनेट काढला. धूळ झटकली, बटण दाबलं, काही नाही. एसएमपीएस, म्हणजे आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा, गेलेला. बुधवार पेठेत तपकीर गल्लीत तीन दुकानं फिरून चौथ्यात जुना पण चालता मिळाला. मग कॅबिनेट सुरू झाला तो १ जानेवारी २००२ तारीख दाखवत, कारण मदरबोर्डवरचा सेल संपलेला. तो सेल, २०३२ नंबरचा, कोपऱ्यावरच्या घड्याळवाल्याकडेच मिळाला. सेल आधी बदला, नाहीतर त्या मशीनवर तयार होणाऱ्या प्रत्येक फाइलीवर चुकीची तारीख पडते आणि पुढे कुठली प्रत ताजी ते कळत नाही.

हार्ड डिस्क पुसून मूळ सीडीवरून एक्सपी नव्याने टाकला. नेटची वायर जोडलीच नाही. एक्सपीचे अपडेट ८ एप्रिल २०१४ ला थांबले, त्यामुळे असं मशीन नेटवर नेणं म्हणजे दार सताड उघडं टाकून गावाला जाणं. ज्यांचा जुना कॉम्प्युटर अजून पुसलेला नाही त्यांच्यासाठी एक: सिस्टिम रिस्टोअर, म्हणजे विंडोजला आधीच्या स्थितीत नेण्यासाठी जुन्या प्रती जपणारी सोय, आधी बंद करा. व्हायरसच्या प्रती त्याच्या कप्प्यात जाऊन बसतात आणि अँटिव्हायरसचा हात तिथवर सहसा पोचत नाही. बंद केलं की तो कप्पाच रिकामा होतो.

बॅकअप प्रोग्रामने बीकेएफ उघडली आणि आतलं झाड दिसायला लागलं. यादीत "आठवणी" या नावाच्या दोन नोंदी होत्या, एक फोल्डर आणि एक फाइल. सोळा वर्षांहून जास्त काळ दोघं शेजारी शेजारी झोपलेले. मी फोल्डरवर खूण केली, फाइलीवर केली नाही. कुठे सोडायचं असं विचारल्यावर मूळ जागा न सांगता दुसरी जागा निवडली, कारण मूळ जागी सोडलं तर तिथे असलेल्यावर ते लिहिलं जाऊ शकतं. चार मिनिटं लागली. सुटलेलं फोल्डर परत लिनक्सवर नेऊन तपासलं, मगच लॅपटॉपवर घेतलं.

हे ऐकून माझ्या कोथरूडच्या नणंदेने तिचा विंडोज ७ चा बॅकअप आणला. तिथे बीकेएफ नसते, साधारण २०० एमबीच्या झिप फाइली असतात, एकामागून एक. तिचा अँटिव्हायरस त्यांतली एक झिप लाल दाखवत होता आणि ती पुसायला निघाली होती. त्याच झिपमध्ये मुलाच्या मुंजीचे फोटो होते! सगळ्या झिप प्रत काढून वेगळ्या फोल्डरात उलगडल्या, फोटो वेचून घेतले, आणि लाल झालेली ती एक फाइल, कुठल्याशा गेमचा प्रोग्राम, मागे राहिली. झिपच्या आत हात घालून तेवढीच फाइल काढू नका. त्या बॅकअपची स्वतःची एक वही असते, तिच्याशी मेळ बिघडला तर पुढे विंडोजला तो नीट सोडवता येत नाही.

आता पुस्तक. पी६५ फाइल पेजमेकरमध्ये उघडली आणि पडद्यावर मराठी नव्हतंच. डॉलर, कंस, इंग्रजी अक्षरं यांची खिचडी. भाचा घाबरला, त्याला वाटलं व्हायरसने फाइल खाल्ली. मी मात्र हसले, खूप दिवसांनी. तेव्हाचे मराठी फॉन्ट युनिकोडचे, म्हणजे मराठी अक्षरांना स्वतःची जागा देणाऱ्या आजच्या पद्धतीचे, नव्हते, इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असायचे. फॉन्ट नसला की खालची इंग्रजी अक्षरं उघडी पडतात. मूळ सीडीवरून फॉन्ट बसवले, फाइल पुन्हा उघडली, आणि पहिल्या पानावर वाड्याचा दिंडीदरवाजा उभा राहिला.

गृहस्थांना फोन केला. ते काही बोलेनात, मग म्हणाले, "मी येतोच." येताना घरातली एकुलती छापील प्रत घेऊन आले. आम्ही पहिलं प्रकरण ताडून पाहिलं आणि तिसऱ्याच पानावर थबकलो. छापील पुस्तकात "चुलत आजी" आणि फाइलीत "चुलत काकू". माझ्या लक्षात आलं. जूनच्या शेवटी बॅकअप घेतला, त्यानंतर जुलैत त्यांच्या आईंनी शेवटचं प्रूफ तपासलं होतं, हिरव्या शाईने. त्या दुरुस्त्या केलेली फाइल जुलैच्या बॅकअपमध्ये गेली असणार आणि ती बीकेएफ डिस्कवर सापडलेली नाही.

त्यामुळे आता रोज सकाळी चहा झाला की छापील प्रत डाव्या हाताला आणि पडदा समोर ठेवून मी ओळीवर ओळ ताडून बघते आहे. आईंनी केलेली प्रत्येक दुरुस्ती पुन्हा करते आहे. पुरात त्यांनी आधी "जिना" लिहिलं होतं आणि नंतर "लाकडी जिना" केलं होतं, हे मला काल कळलं. आज एकसष्टाव्या पानापर्यंत आले.