क्लाइव्हच्या मुलखात, कुकर घेऊन

तूरडाळ, तांदूळ, गोडा मसाला, हिंग, आईचं लसणीचं तिखट, सगळं लंडनजवळच्या स्लाववरून श्रॉपशरच्या सुट्टीसाठी बांधून नेलं होतं. पहिल्याच संध्याकाळी कळलं की कॉटेजमधली शेगडी इंडक्शनची आणि आमचा कुकर अ‍ॅल्युमिनियमचा. कुकर ठेवला की शेगडी तीनदा टुकटुक करायची आणि गप्प बसायची. घराच्या माहितीत ‘सुसज्ज स्वयंपाकघर’ एवढंच लिहिलेलं होतं, आणि मीही पुढे काही विचारलं नव्हतं. तुम्ही विचारा. नाहीतर फ्रिजवरचं लोहचुंबक भांड्याच्या बुडाला लावून बघा. चिकटलं तर ते भांडं घ्या. तूरडाळ साध्या पातेल्यात शिजायला दीड तास लागला. दुसऱ्या दिवसापासून मसूर आणि मूग.

आई-बाबा देवगडहून तीन महिन्यांसाठी आले होते. त्यांना रोज हॉटेलचं खाणं झेपत नाही, आणि लंडन बघून झालं होतं. म्हणून जूनमध्ये आठवडाभरासाठी श्रॉपशरला घर भाड्याने घेतलं. इंग्लंडच्या पश्चिमेला, वेल्सच्या हद्दीला लागून असलेली ही काउंटी, म्हणजे जिल्हा. डोंगर, मेंढ्या, जुने किल्ले आणि फार कमी माणसं. मुक्काम चर्च स्ट्रेटन या गावाजवळ ठेवला, आणि तो निर्णय बरोबर ठरला. लडलो, श्रूजबरी, आयर्नब्रिज तिन्ही तासाभराच्या आत येतात, आणि लडलो-श्रूजबरीला जायला गाडी नसेल तरी अडत नाही, कारण श्रूजबरी ते लडलो रेल्वे चर्च स्ट्रेटनवरूनच जाते. रोज सामान बांधून नवीन गाव गाठण्यापेक्षा एकाच घरी परत येणं म्हाताऱ्या माणसांना सोसतं. खरं सांगायचं तर आम्हालाही.

अशी घरं बहुधा शुक्रवार ते शुक्रवार किंवा शनिवार ते शनिवार मिळतात. दुपारी चारच्या आधी किल्ली नाही, आणि निघायच्या दिवशी सकाळी दहाला बाहेर. पोस्टकोडवर विसंबू नका. खेड्यात एक पोस्टकोड मैलभर शेतांना मिळून असतो, आणि शेवटच्या वळणांवर मोबाईलला रेंज नव्हती. मालकांनी पाठवलेला रस्ता घरीच छापून घ्या. कोथिंबीर, मिरच्या, आलं निघतानाच घ्या, कारण गावातल्या दुकानात दूध-ब्रेड-बटाटे मिळतात, पण कढीपत्ता विसराच. रविवारी मोठी सुपरमार्केट सहाच तास उघडी असतात, तेही लक्षात ठेवा.

बाबांना दुसऱ्याच दिवशी श्रूजबरी बघायचं होतं. कारण एकच: क्लाइव्ह. प्लासीचा रॉबर्ट क्लाइव्ह याच काउंटीचा. 1761 पासून मरेपर्यंत तो श्रूजबरीचा खासदार होता, आणि गावाच्या मधल्या चौकात त्याचा पुतळा आहे. 2020 मध्ये तो हटवायची मागणी झाली होती, पण कौन्सिलने ठेवायचं ठरवलं. बाबा पुतळ्यासमोर हात मागे बांधून उभे राहिले आणि आईला म्हणाले, “ह्योच मां तो?” आमच्या तालुक्यात प्लासीचं कुणाला फार वाटत नाही, पण विजयदुर्गाचं वाटतं. प्लासीच्या आदल्या वर्षी, फेब्रुवारी 1756 मध्ये, अ‍ॅडमिरल वॉटसनच्या जहाजांनी तुळाजी आंग्र्यांचं आरमार तिथे जाळलं, तेव्हा जमिनीवरची फौज याच क्लाइव्हच्या हाताखाली होती. “आणि तुळाजीच्या विरुद्ध आपले पेशवेच इंग्रजांच्या बाजूला,” बाबा म्हणाले. मी फोटो काढू का विचारलं, तर नको म्हणाले.

पुढे तो पिच्छाच सोडेना. लडलोचा किल्ला बघायला गेलो. अकराव्या शतकात सुरू झालेलं काम, आठव्या हेन्रीचा थोरला भाऊ आर्थर 1502 मध्ये वारला तो इथेच. 1811 मध्ये हा किल्ला विकत घेणारा अर्ल ऑफ पोइस म्हणजे क्लाइव्हचा मुलगा, आणि आजही तो त्याच घराण्याकडे आहे! म्हणूनच इथे जुन्या वास्तू सांभाळणाऱ्या इंग्लिश हेरिटेज संस्थेची सदस्य-कार्डं चालत नाहीत, तिकीट वेगळं काढावं लागतं. हद्दीपलीकडे वेल्समध्ये पोइस कॅसलला टिपू सुलतानाचा तंबू आहे. तिथे जायचं आम्ही टाळलं. एका सुट्टीत क्लाइव्ह किती सोसायचा?

स्टोकसे मात्र चुकवू नका. लडलोच्या एका लोकर व्यापाऱ्याने तेराव्या शतकाच्या शेवटी बांधलेला हा तटबंदीचा वाडा, आणि त्याचं पिवळं, तिरकं, लाकडी कोरीव दार. वाड्यात सामान काहीच नाही, म्हणून मला जास्त आवडला. इंग्लिश हेरिटेजचं सदस्यत्व असेल तर फुकट.

आयर्नब्रिजला आईने कुरकुर केली, पूल बघायला कोण जातं म्हणून. 1779 मध्ये उभारलेला हा जगातला पहिला मोठा ओतीव लोखंडी पूल. पण गंमत सांध्यांत आहे. लोखंड कसं जोडायचं याचा अनुभवच नव्हता, म्हणून सुतार लाकूड जोडतात तशा खाचा-कुसवांनीच तुकडे बसवले. बाबांनी अर्धा तास ते सांधे मोजले. जकातघरावरच्या फलकाप्रमाणे राजघराण्यालाही पथकर माफ नव्हता. आता पायी जायला पैसे नाहीत, पार्किंगला आहेत.

लाँग मिंड या डोंगरावर जायचं तर सावध. चर्च स्ट्रेटनमधून बर्वे नावाचा रस्ता चढतो, तो एक गाडी मावेल एवढाच, बाजूला दरी आणि कठडा नाही. नवऱ्याने वरपर्यंत एक शब्द काढला नाही. तेवढी छाती नसेल तर खालच्या कार्डिंग मिल व्हॅलीत गाडी लावा, ओढ्याकाठी थोडं चाला, चहा प्या. नॅशनल ट्रस्ट या तसल्याच दुसऱ्या संस्थेच्या सदस्यांना पार्किंग फुकट. फाटक उघडलंत तर मागे लावा, मेंढ्या सुटतात.

घरातली दोन पथ्यं राहिली. खेड्यातल्या अशा घरांना बरेचदा सेप्टिक टँक असतो, म्हणून तळणीचं तेल सिंकमध्ये ओतू नका. जुन्या डब्यात भरून ठेवा. आणि फोडणी करण्याआधी खिडकी उघडा. मोहरी तडतडली तसा धुराचा गजर असा काही कोकलला की शेजारच्या शेतातलं कुत्रं तासभर भुंकत होतं.

शेवटच्या दिवशी नऊ वाजता आम्ही फ्रिज रिकामा करत होतो, तेव्हा आईने दारापाशी ठेवलेली पाहुण्यांची वही ओढली. आधीच्या पानांवर सगळे सूर्यास्ताबद्दल लिहून गेले होते. आईने खाली मराठीत लिहिलं: ‘घर स्वच्छ. शेगडी इंडक्शनची. कुकर स्टीलचा आणावा.’