बोर्डावर नीट पालथं पडणं: टॉर्कीतला सर्फिंगचा वीकेंड

मेलबर्नहून शनिवारी सकाळी निघायचं आणि रविवारी रात्री परत यायचं. एवढ्या वेळात सर्फिंग येतं का? फुटलेल्या लाटेच्या फेसावर उभं राहून सरळ किनाऱ्यापर्यंत येणं, एवढं नक्की येतं. मी मार्च महिन्यात टॉर्कीला दोन दिवसांत तेवढं शिकलो. शिकताना सगळ्यांचं लक्ष उभं राहण्यावर असतं, पण उभं राहणं दीड सेकंदाचं काम आहे. ते जमणार की फसणार हे त्याआधीच ठरलेलं असतं: बोर्डावर कुठे पालथं पडलात आणि पाण्यात हात कधी मारायला लागलात. म्हणून इथे त्याबद्दलच जास्त लिहितो.

टॉर्की मेलबर्नपासून साधारण शंभर किलोमीटरवर आहे. सदर्न क्रॉस स्टेशनवरून जिलाँगची गाडी पकडायची, तासाभराचा प्रवास, मग जिलाँगहून बस. दोन्हीकडे मायकी हे इथलं प्रवासाचं कार्ड चालतं. हे सर्फिंगचंच गाव आहे. रिप कर्ल आणि क्विकसिल्व्हर या दोन्ही कंपन्या 1969 मध्ये इथे सुरू झाल्या, आणि जवळच्या बेल्स बीचवर 1962 पासून सर्फिंगची स्पर्धा होत आलेली आहे. नवशिक्याने मात्र बेल्सला फक्त बघायला जावं. दक्षिण महासागरात उठलेल्या लाटा तिथे खडकाळ तळावर पूर्ण जोराने येतात. गावातला पॉइंट डेंजर नावाचा भूशिराचा सुळका ओलांडून आतल्या बाजूला आलं की त्याच लाटांचा जोर बराच मोडलेला असतो, खाली वाळू असते आणि कमरेएवढं पाणी लांबपर्यंत मिळतं. शिकवणीचे वर्ग बहुतेक याच बाजूला भरतात.

जाण्याआधी एक गोष्ट स्वतःची स्वतः तपासा. मदतीशिवाय पन्नास मीटर पोहता येतं का आणि नाकातोंडात पाणी गेल्यावर डोकं शांत राहतं का? विहिरीत किंवा तलावात पोहायला शिकलेल्या माणसाला पाणी स्थिर असण्याची सवय असते. इथे दर दहा-बारा सेकंदांनी ते अंगावर येतं. पोहता येत नसेल तर आधी जवळच्या पोहण्याच्या तलावात दोन महिने घाला, सर्फिंग कुठे पळून जात नाही.

दिवस निवडताना वारा आधी बघा, लाटेची उंची नंतर. शाळेच्या भूगोलातले मतलई वारे आणि खारे वारे इथे अक्षरशः कामाला येतात. मतलई वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो. तो लाटेचा माथा मागे धरून ठेवतो, लाट गुळगुळीत राहते आणि सावकाश फुटते. दुपारकडे जमीन तापली की खारा वारा सुटतो आणि पाण्याचा पृष्ठभाग विस्कटून टाकतो, मग कुठली लाट कुठे फुटणार तेच कळत नाही. टॉर्कीचा किनारा दक्षिणेकडे आणि आग्नेयेकडे तोंड करून असल्यामुळे उत्तरेचा किंवा वायव्येचा हलका वारा चांगला. म्हणून सकाळचा वर्ग घ्या. मतलई वारा जोराचा असेल तर मात्र तो हलक्या फोमच्या बोर्डाला आत ढकलत नेतो, तेव्हा कमरेच्या पुढे जाऊ नका.

अंदाजात लाटेच्या उंचीशेजारी सेकंदांचा एक आकडा असतो, तो बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. एका लाटेमागून दुसरी यायला लागणारा तो वेळ. एक मीटरची लाट 8 सेकंदांची असेल तर मवाळ असते. तीच 14 सेकंदांची असेल तर तिच्यामागे बरंच जास्त पाणी असतं आणि ती पाय उखडून टाकते. शिकण्यासाठी अर्धा ते एक मीटर उंची पुरे. भरती-ओहोटीचंही असंच. कोकणातल्या माणसाला उधाण आणि भांग सांगायला नको. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतं. पूर्ण भरतीला लाटा किनाऱ्यालगतच्या उतारावर धपकन कोसळतात, तिथे सरकायला जागाच उरत नाही. मधल्या पाण्यात शिकणं सोपं.

बोर्ड फोमचाच घ्या. साठ ते ऐंशी किलोच्या माणसाला आठ फुटी, त्यावर वजन असेल तर नऊ फुटी. छोटा बोर्ड बगलेत धरायला बरा वाटतो, पण पाण्यावर डुगडुगतो आणि लाट पकडायला दुप्पट हात मारायला लावतो. बोर्डाचे भाग लक्षात ठेवा: पुढचं नाक, मागची शेपटी, दोन कडा, मध्यभागी जाणारी उभी रेघ, शेपटीखाली तीन फिन, म्हणजे माशाच्या परांसारखी पाती, आणि शेपटीला बांधलेली लीश, म्हणजे बोर्ड पायाला जोडणारी दोरी. बोर्ड वाळूवर ठेवायचा तो फिन वर करून, नाहीतर त्या मुळातून निखळतात.

मार्चमध्ये पाणी अठरा-एकोणीस अंशांचं असतं. 3/2चा पूर्ण वेटसूट (अंगाला घट्ट बसणारा रबरी पोशाख) लागतो, म्हणजे छातीपाठीला 3 मिलिमीटर आणि हातपायांना 2. झिप पाठीवर येते, तिला लांब दोरी असते. सूट कोरडा असतानाच घाला. पायाला आधी प्लास्टिकची पिशवी चढवली की पाय सरकन आत जातो. ओढताना बोटांच्या गादीने ओढा, नखांनी फाटतो. काखेत आणि जांघेत हवेची पोकळी राहिली तर सूट मोठा आहे. त्यात गार पाणी सतत आत-बाहेर करत राहतं आणि अर्ध्या तासात दात वाजायला लागतात. मान, कान, पावलांच्या वरची बाजू आणि हातांच्या पाठीवर 50+ चं सनस्क्रीन लावा. ऑस्ट्रेलियातलं ऊन ढगाळ दिवशीही भाजतं.

पहिली वीस मिनिटं वाळूवरच जातात आणि ती जाऊ द्यावीत. कुठला पाय मागे, हे आधी ठरवायचं. गुळगुळीत फरशीवर मोज्यांनी घसरताना जो पाय आपोआप पुढे जातो तो पुढचा. लीश मागच्या पायाच्या घोट्याला बांधायची. पट्टा घट्ट, दोरी बाहेरच्या बाजूला मागे निघेल अशी, म्हणजे पायात अडकत नाही. लीश हाताला किंवा बोटाला कधीही गुंडाळू नका. लाटेने बोर्ड ओढला की तिला एका झटक्यात ताण येतो आणि त्या ताणात बोट मोडतं.

आता पालथं पडणं. छाती मधल्या रेघेवर, पायाची बोटं शेपटीच्या कडेशी, पाय जुळलेले. पाण्यात गेल्यावर खूण एकच: बोर्डाचं नाक पाण्यापासून दोन-तीन बोटं वर हवं. बोटंच धरून बघा. नाक पाण्याला टेकत असेल तर तुम्ही फार पुढे आहात, लाट आली की ते आत घुसतं आणि बोर्ड तुम्हाला उलटा टाकतो. नाक वीतभर वर असेल तर तुम्ही फार मागे आहात, शेपटी ब्रेकसारखी पाण्यात रुतते आणि लाट खालून निघून जाते. हा फरक जेमतेम चार-पाच सेंटिमीटरचा. बरोबर जागा सापडली की हनुवटी बोर्डावरच्या कुठल्या खुणेवर किंवा अक्षरावर येते ते पाहून ठेवा आणि प्रत्येक वेळी तिथेच या. शनिवारच्या पहिल्या तासात मला जेवढ्या लाटा सुटल्या, त्यांतल्या बहुतेक या एका कारणाने सुटल्या. हनुवटीची खूण धरल्यावर गणित बसलं.

उभं राहण्याच्या कृतीला पॉप-अप म्हणतात. तळवे खालच्या बरगड्यांशेजारी, सपाट, बोर्डाच्या वर. कडा पकडायच्या नाहीत, कारण पकडलेली कड खाली दबते आणि बोर्ड त्या बाजूला कलंडतो. हात सरळ करून छाती उचला, मागचा पाय आडवा ओढून मधल्या रेघेवर टेकवा, मग पुढचा पाय दोन हातांच्या मधून पुढे घ्या, आणि हात सोडा. पुढचं पाऊल साधारण पंचेचाळीस अंशात, दोन्ही पावलं रेघेवर, खांद्यांपेक्षा किंचित जास्त अंतरावर. गुडघे वाकलेले, पाठ फार वाकलेली नको. कमरेतून वाकलं की डोकं पायांच्या पुढे जातं आणि शरीर डोक्यामागे पडतं. नजर किनाऱ्यावरच्या एखाद्या झाडावर किंवा छपरावर ठेवा. पावलांकडे बघितलं की हमखास पावलांजवळच पडतो.

मधे गुडघ्यांवर थांबायची सवय लावून घेऊ नका. गुडघ्यांवर सुरक्षित वाटतं, पण तिथून उठताना वजन मागेपुढे हलतं आणि बोर्डाचा वेग मरतो. शिवाय ही सवय मोडायला नंतर आठवडे लागतात. वाळूवर वीस वेळा न थांबता करा. दम लागला तरी हरकत नाही, पाण्यात तेवढाच लागणार आहे.

पाण्यात उतरताना बोर्ड नेहमी अंगाच्या बाजूला धरा, नाक लाटेकडे. तुम्ही आणि लाट यांच्यामध्ये बोर्ड आडवा आला की लाट तो सरळ छातीवर किंवा तोंडावर आणून आपटते. पहिल्या दिवशीच्या बहुतेक दुखापती अशाच होतात. फेस जवळ आला की शेपटीवर हात दाबून नाक उचला आणि फेस खालून जाऊ द्या.

कमरेएवढ्या पाण्यात किनाऱ्याकडे तोंड करून बोर्ड वळवायचा आणि मान मागे वळवून लाट बघायची. फेसाची भिंत पाच-सहा मीटरवर आली की बोर्डावर चढा आणि हात मारायला लागा. हात खोल, एकानंतर एक, छाती थोडी उचललेली. मग तो क्षण येतो. मागून खर्रर आवाज वाढत जातो, शेपटी उचलली जाते, पाय वर गेल्यासारखे वाटतात आणि बोर्ड अचानक तुमच्या हातांपेक्षा जोरात पळायला लागतो. इथे सगळे घाईने उठतात आणि पडतात. अजून दोन हात मारा. नाक खाली येऊन बोर्ड सपाट झाला, कानातला आवाज जरा मागे पडला, की उठा. आधी उठलात तर बोर्ड अजून तिरका असतो आणि पुढे फेकतो. फार उशीर केलात तर वेग संपलेला असतो आणि बोर्ड डुलायला लागतो.

पडताना सपाट पडा, पाठीवर किंवा कुशीवर, कधीही डोक्यावर सूर मारू नका. कमरेएवढ्या पाण्यात खाली वाळू जेमतेम एक मीटरवर असते. पाण्याखाली दोन्ही हात डोक्याभोवती घ्या आणि वर येताना एक हात आधी वर काढा, कारण बोर्ड तिथेच घिरट्या घालत असतो.

रिपबद्दल, म्हणजे समुद्राकडे ओढणाऱ्या प्रवाहाबद्दल, मात्र मनापासून सांगतो, हे वाचून सोडून देऊ नका. लाटांनी आत आणलेलं पाणी परत समुद्रात जाताना एखाद्या खोल पट्ट्यातून जातं. तो पट्टा गडद दिसतो, तिथे लाटा कमी फुटतात, पृष्ठभाग खवल्यासारखा असतो. लाटा नाहीत म्हणून नवखा माणूस तिथेच पाण्यात शिरतो, आणि ऑस्ट्रेलियात बुडणाऱ्यांमध्ये परदेशातून आलेले विद्यार्थी असतात ते अनेकदा अशाच जागी. ओढलं गेलं तर बोर्ड सोडू नका, तोच तुम्हाला तरंगता ठेवतो. किनाऱ्याच्या दिशेने लढू नका. हात उंच करून मदत मागा किंवा किनाऱ्याला समांतर जाऊन लाटा फुटताहेत तिथे या. लाल-पिवळ्या झेंड्यांमधली जागा पोहणाऱ्यांची, तिथे बोर्ड न्यायचा नाही. काळ्या-पांढऱ्या चौकडीचा झेंडा बोर्डवाल्यांची हद्द सांगतो. बीचसेफ हे सरकारी नव्हे, पण जीवरक्षक संस्थेचं ॲप आहे. त्यात त्या दिवशी कुठल्या किनाऱ्यावर गस्त आहे ते कळतं. आणीबाणीचा क्रमांक 000.

रविवारी खांदे आणि बरगड्या दुखतात, ते ठरलेलंच. म्हणून दोन तासांऐवजी दीड तासाची एकच फेरी करा. दमलेला माणूस हात कमी मारतो, उशिरा उठतो आणि कालचं आलेलंही विसरला असं त्याला वाटायला लागतं. दुसऱ्या दिवशी फेसावर दहापैकी सहा-सात वेळा उभं राहता आलं, तरच न फुटलेल्या हिरव्या लाटेकडे जा, तेही शिकवणाऱ्याच्या सोबत. तिथे लाट शेपटीखाली येण्याच्या कितीतरी आधी, आठ-दहा हात मारून वेग घ्यावा लागतो. आणखी एक नियम तिथे लागू होतो: लाट जिथे फुटते आहे त्याच्या सर्वांत जवळचा माणूस त्या लाटेचा मालक. त्याच्या पुढ्यात बोर्ड घालायचा नाही.

निघण्याआधी वेटसूट गोड्या पाण्यात आतून-बाहेरून धुवा आणि सावलीत कमरेत दुमडून वाळत घाला. खांद्यांवर टांगला की पाण्याच्या वजनाने तिथे ताणतो. बोर्ड भाड्याचा असेल तर परत करताना लीश घट्ट गुंडाळू नका, सैल वेटोळं करा, कारण मुडपलेल्या जागी ती पुढच्या माणसाच्या पायात तुटते. जिलाँगची बस रविवारी कमी असते, तिची वेळ सकाळीच बघून ठेवा. मान एका बाजूला कलती केली की गाडीतही नाकातून समुद्राचं पाणी येतं. हातरुमाल वरच ठेवा.