ऐन भरातला अली विरुद्ध ऐन भरातला टायसन, पण कोणत्या रात्रीचा?

नागपुरात पानठेल्यावर बॉक्सिंगचा विषय निघाला की गाडी हमखास एकाच फाट्यावर येऊन थांबते. "टायसनचा एक पडू दे भाऊ, अली उठत नाही." समोरून लगेच, "पडायला अली सापडला तर पाहिजे ना!" दोघांचंही खरं असतं, कारण दोघांच्या डोक्यातला अली वेगळा आणि टायसनही वेगळा. म्हणून आधी तारीख ठरवायची. तारखेशिवायची कुस्ती लावण्यात अर्थ नाही, मग ती कल्पनेतली का असेना.

लोक ज्या तारखा सांगतात त्या मात्र दोन्ही फसव्या आहेत. अलीसाठी १४ नोव्हेंबर १९६६ सांगतात, ह्यूस्टनमध्ये क्लीव्हलँड विल्यम्सला तिसऱ्या फेरीत संपवलं ती रात्र. अली दिसतो अप्रतिम, पण समोरच्या विल्यम्सला १९६४ मध्ये पोलिसाची गोळी लागली होती आणि त्याची एक किडनी गेली होती. टायसनसाठी सांगतात २७ जून १९८८, मायकेल स्पिंक्सला ९१ सेकंदांत झोपवलं ती रात्र. आता ९१ सेकंदांत काय कळणार? ज्या लढतीत सगळ्या फेऱ्या खेळाव्या लागल्या तीच पाहावी. अलीची एर्नी टेरेलबरोबरची, ६ फेब्रुवारी १९६७, पूर्ण १५ फेऱ्या. टायसनची टोनी टकरबरोबरची, १ ऑगस्ट १९८७, पूर्ण १२ फेऱ्या. आवाज बंद करून एक फेरी फक्त पाय पाहा, दुसरी फेरी फक्त डोकी.

त्याच्या पुढच्या तारखा घेऊ नका. मार्च १९६७ नंतर अली थेट ऑक्टोबर १९७० मध्ये रिंगणात आला आणि ते पाय परत आले नाहीत. टायसनने १९८८ च्या शेवटी प्रशिक्षक केव्हिन रूनीला काढलं. त्यानंतर त्याचं डोकं हलायचं कमी झालं आणि एकाच ठोशावर काम भागवायची सवय लागली.

वजनात दोघांत काही नाही. विल्यम्सच्या दिवशी अली साडेशहाण्णव किलो, स्पिंक्सच्या दिवशी टायसन ९९. फरक हातांच्या पल्ल्यात आहे: अलीचा ७८ इंच, टायसनचा ७१. या सात इंचांतून टायसन आत कसा शिरतो, एवढाच या लढतीचा प्रश्न. दोन्ही हात गालांशी, कोपरं बरगड्यांना चिकटलेली, आणि जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, येताना डोकं मागे न नेता बाजूला काढत तो पुढे येतो. जॅब कानाजवळून जातो तेव्हा त्याचा पाय आधीच आत पडलेला असतो. हे जमलं की पल्ला फुकट.

आणि अलीची खोड नेमकी टायसनच्या सोयीची. हात कमरेशी सोडायचे आणि ठोसा आला की मान सरळ मागे न्यायची. सरळ ठोशाला हे चालतं. डाव्या हुकला चालत नाही, कारण हुक बाजूने वळून येतो. १९६२ मध्ये सॉनी बँक्स, १९६३ मध्ये हेन्री कूपर, १९७१ मध्ये जो फ्रेझर, तिघांनीही अलीला डाव्या हुकनेच खाली बसवलं. कूपरचा हुक लागला तेव्हा अली दोरांजवळ होता, मागे सरकायला जागाच नव्हती. म्हणून रिंगची मापं आधी ठरवा. १६ फुटी रिंग म्हणजे २५६ चौरस फूट, २० फुटी म्हणजे ४००. दीडपटीहून जास्त जागा! याकडे कोणी बघत नाही आणि तासन्‌तास भांडतात.

टायसनची खोड म्हणजे मिठी. बोनक्रशर स्मिथने मार्च १९८७ मध्ये बारा फेऱ्या नुसतं धरून काढल्या. पकडलं की टायसन रेफरीची वाट बघत थांबतो, आतल्या आत मोकळ्या हाताने मारत नाही. मानेमागे डावा हात टाकून डोकं खाली दाबण्यात अली पटाईत होता. म्हणून रेफरीही ठरवावा लागतो: जानेवारी १९७४ मध्ये फ्रेझरबरोबर टोनी पेरेझने हे चालू दिलं, १९७५ मध्ये मनिलात कार्लोस पडिलाने हात झटकून सोडवले. फेब्रुवारी १९९० मध्ये टोकियोत बस्टर डग्लसने टायसनला हरवलं ते याच मसाल्यावर: जॅब, मागोमाग उजवा, बाजूला पाऊल, आणि जवळ आला की मिठी. तोवर टायसनच्या कोपऱ्यातली व्यवस्था इतकी ढासळली होती की सुजलेल्या डोळ्यावर दाबायला थंडगार लोखंडी तुकडाही नव्हता, रबरी हातमोज्यात गार पाणी भरून लावलं.

माझं मत: २० फूट, १२ फेऱ्या, पेरेझसारखा रेफरी असेल तर अली, दहाव्याच्या आसपास लढत थांबवून. १६ फूट आणि पडिला असेल तर पहिल्या चार फेऱ्यांत टायसन. पाचवी उजाडली की तिथेही अलीच.

"यानं त्याला हरवलं, त्यानं तिसऱ्याला, मग हा सगळ्यांत भारी" हा हिशोब बॉक्सिंगमध्ये बसतच नाही. फ्रेझरने १९७१ मध्ये अलीला हरवलं. फोरमनने १९७३ मध्ये फ्रेझरला दोन फेऱ्यांत सहा वेळा पाडलं. नॉर्टनने त्याच वर्षी अलीचा जबडा मोडला आणि पुढच्या वर्षी फोरमनने नॉर्टनलाही दुसऱ्याच फेरीत उडवलं. या हिशोबाने फोरमनपुढे अली टिकायलाच नको. ऑक्टोबर १९७४ मध्ये किन्शासात आठव्या फेरीत पडला तो फोरमन. वाकून पुढे येणारा फ्रेझर त्याच्या अपरकटला, म्हणजे खालून वर येणाऱ्या ठोशाला, आयता मिळाला, दोरांना टेकून मागे झुकणारा अली मिळाला नाही.

नियम बदलले की मोठमोठी नावंही हलतात. मार्सियानोचे ४९-०, म्हणजे ४९ लढतींत एकही हार नाही, सगळे सांगतात. पण सप्टेंबर १९५२ मध्ये वॉलकॉटविरुद्ध बारा फेऱ्यांअखेर तो तिन्ही पंचांच्या कागदावर मागे होता, ठोसा लागला तेराव्या फेरीत. आजच्या १२ फेऱ्यांत ती लढत तो हरतो. डेम्प्सीचंही तसंच. १९१९ मध्ये विलर्डला पहिल्या फेरीत सात वेळा पाडलं, कारण पडलेल्याच्या डोक्यावर उभं राहून तो उठताच मारायची मुभा होती. १९२७ मध्ये टनीविरुद्ध पाडणाऱ्याने दूरच्या कोपऱ्यात जायचा नियम होता, डेम्प्सीने जायला वेळ लावला, मोजणी उशिरा सुरू झाली आणि टनी वाचला. डेम्प्सी-टायसन लावायची तर आधी १९१९ की १९२७ ते सांगा.

वरच्या वजनगटाला हद्दच नसते हेही विसरतात. आपल्या नागपूरच्या अल्फिया पठाणने २०२१ मध्ये युवा जागतिक स्पर्धेत सुवर्ण घेतलं ते ८१ किलोंवरच्या गटात, म्हणजे समोर कितीही वजनाची मुलगी येऊ शकते. मार्सियानो ८४ किलोंचा, २०२० चा टायसन फ्युरी १२४ किलोंचा. ही जोडी लावूच नका.

मेरी कोम की निखत झरीन हा वाद मात्र लावण्यासारखा आहे. २०१९ च्या निवड चाचणीत मेरी ९-१ जिंकली, तो दाखला इथे चालत नाही. मेरी ३७ ची होती आणि निखत अजून फुलायची होती. भरातली मेरी म्हणजे २००६, दिल्ली, ४६ किलो. भरातली निखत म्हणजे २०२२, इस्तंबूल, ५२ किलो. सहा किलो! २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकात ५१ किलोत उंच निकोला ॲडम्सने मेरीला ११-६ ने रोखलं, तेव्हा वर चढण्याची किंमत कळतेच. लढत ४८ वर ठेवली तर निखतला उतरणं जड, ५० वर मेरीला. शिवाय मेरीच्या काळी पंच बटण दाबत. पाचांपैकी तिघांनी सेकंदाभरात दाबलं तरच गुण, त्यामुळे चार ठोशांच्या सरीला बहुतेक एकच गुण पडे. आत जाऊन एक स्वच्छ डावा मारून बाहेर येणाऱ्या डावखुऱ्या मेरीला हे फार मानवायचं. आज पंच फेरी कोणी गाजवली ते पाहून दहा गुण देतात आणि फेरी तीन मिनिटांची असते. निखतचे सलग ठोसे तिथे मोजले जातात. बटणावर आणि दोन मिनिटांच्या फेऱ्यांत मी मेरीला देईन, दहा गुणांच्या पद्धतीत निखतला, आणि ५० किलोंवर तर निखतलाच.