तुम्ही विचारलंत म्हणून: कुणासाठी लिहिता?

"तुम्ही कथा कुणासाठी लिहिता, स्वतःसाठी की लोकांसाठी?" हा प्रश्न मला व्याख्यान संपल्यावर विचारला गेला आहे, लग्नाच्या पंगतीत विचारला गेला आहे आणि खडेबाजारात दोन्ही हातांत पिशव्या असतानाही विचारला गेला आहे. विचारणाऱ्याला उत्तर बहुधा ठाऊक असते. मी ते कबूल करतो की नाही, एवढेच त्याला पाहायचे असते. लोकांसाठी म्हणावे, तर मी हशे गोळा करणारा ठरतो. स्वतःसाठी म्हणावे, तर मग छापता कशाला, हे पुढे तयारच असते. शिवाय आमच्याकडे या प्रश्नाला एक शेपूट आहे: बेळगावात राहून तुम्ही सीमाप्रश्नावर का लिहीत नाही?

आधी त्या शेपटाचे. १९४६ साली बेळगावात ग. त्र्यं. माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलन भरले आणि तिथे संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. ज्या गावात साहित्याच्या मांडवातून एवढी मोठी मागणी उभी राहिली, तिथल्या लेखकाकडे लोकांनी कथेऐवजी ठराव मागावा, यात नवल नाही. परंतु ठरावाला आपले म्हणणे पहिल्या ओळीपासून ठाऊक असते. मला ते कथा संपेपर्यंत ठाऊक नसते, आणि कित्येकदा संपल्यावरही नसते. सर्वोच्च न्यायालयात २००४ पासून दावा उभा आहे. तिथे बाजू मांडायला माझ्याहून जाणती माणसे आहेत.

मला गप्प करण्यासाठी जी. ए. कुलकर्णींचे नावही हमखास घेतले जाते. ते याच जिल्ह्यातले, धारवाडला इंग्रजी शिकवत राहिले आणि सभासंमेलनांपासून कायम दूर राहिले. म्हणजे खरा लेखक असा असतो, आणि तुम्ही मात्र माईक दिसला की उभे राहता. यावर माझे म्हणणे इतकेच, की ते मंचावर आले नाहीत, पण कथा त्यांनी छापायला दिल्या. कुलूप लावलेल्या पेटीत ठेवल्या नाहीत. हे मी पुष्कळदा सांगितले आहे आणि ते कुणालाही पटलेले नाही. माझ्या पहिल्या संग्रहाच्या मनोगतात मीच लिहिले होते, की "मी केवळ माझ्यासाठी लिहितो, वाचक हा योगायोग आहे." ते वाक्य लिहिणाऱ्या तरुणाला मी आज विचारतो, की मग परतीच्या टपालाचे तिकीट चिकटवलेला लिफाफा जोडून तू संपादकांना कथा कशाला पाठवत होतास? तोही गप्प बसत नाही. तो म्हणतो, निदान मी तेव्हा लिहिताना समोर खुर्च्या मोजत नव्हतो.

खुर्च्यांचा विषय निघालाच आहे, तर त्या दुपारचे सांगतो.

कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा अशा गावांतून हिवाळ्यात रविवारी संमेलने भरतात, हे तुम्हाला सांगायला नको. तसेच एक गाव होते. सकाळी ग्रंथदिंडी, मग भाषणे, मग सगळ्या गावाचे जेवण आणि जेवणानंतर कथाकथन. ती वेळ कथाकथनाला का देतात, हे उघड आहे: भात खाऊन बसलेल्या माणसाला जागे ठेवण्याचे काम परिसंवादाला जमत नाही. मी माझी कागदाची कथा वाचायला घेतली. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला कचेरीतून कन्नडमध्ये छापलेला कागद येतो. त्याला बाजारापुरते कन्नड बोलता येते, वाचता मात्र येत नाही. तो कागद घेऊन तो घरोघर फिरतो आणि प्रत्येक घरी त्याला वेगळा अर्थ मिळतो. एकजण म्हणतो, शेतातून रस्ता जाणार. दुसरा म्हणतो, विजेची थकबाकी आहे. कन्नड शाळेत जाणारी एक चुणचुणीत मुलगी ठामपणे सांगते, की सरकार म्हशी मोजणार आहे. शेवटी म्हातारा घरी येतो, कागदाची नीट घडी घालतो आणि देव्हाऱ्यातल्या फोटोमागे ठेवून देतो.

म्हशींना हशा आला, तो मी धरूनच चाललो होतो. पण म्हाताऱ्याने कागद देवामागे ठेवला, तेव्हा मांडव त्याहून मोठ्याने हसला. बायकांच्या बाजूला तर पदर तोंडाला लावून हसणे चालले होते. मी थांबलो. तो म्हातारा माझा बाप होता. कागद खरा होता, देव्हारा खरा होता, आणि त्या कागदात हरकत नोंदवण्याची मुदत दिलेली होती, हे आम्हाला ती उलटून गेल्यावर कळले. कथेत मी मुदत गाळली होती. समोर माणसे हसत असताना ती आता जोडावी काय, असे क्षणभर मनात आले. मी जोडली नाही. हशा ओसरेपर्यंत थांबलो आणि पुढचे वाक्य वाचले.

खाली उतरल्यावर एका गृहस्थांनी माझा हात धरला. "गुरुजी, आमच्या बापानंबी असंच देवामागं ठेवलं हुतं बघा. खरं तुम्ही लई हसवलासा." ते हसतच होते. त्यांच्या बापाच्या कागदात काय होते, हे विचारण्याचे धाडस मला झाले नाही.

परतताना अक्का शेजारी बसली होती. ती हसली नव्हती. गाव मागे पडल्यावर ती म्हणाली, "आप्पांचा कागद सगळ्या गावाला वाचून दाखवलास. आप्पा होते तेव्हा त्यांना वाचून दाखवायला कुठं होतास?" मी पुण्यात नोकरीला होतो, हे तिलाही ठाऊक आहे. शाळेत कन्नड शिकलेला घरात मी एकटाच, हेही ठाऊक आहे. आप्पांनी मला कधी विचारलेच नाही, असे मी म्हणालो, आणि ते खरे आहे. तिच्या मते ती कथा म्हणजे माझे प्रायश्चित्त आहे. मला तसे वाटत नाही. लिहिताना तर मुळीच वाटत नव्हते. लिहिताना काय वाटत होते, तेही सांगतो. म्हशींची मुलगी मला सुचली, तेव्हा रात्री टेबलाशी मी एकटाच हसलो. ती पूर्णपणे माझ्यासाठी होती, तिचा आप्पांशी काही संबंध नव्हता. उलट देव्हाऱ्याची जागा मी मोजूनमापून लिहिली, कारण तिथे वाचक गलबलणार, याची मला खात्री होती. म्हणजे विनोद स्वतःसाठी आणि दुःख लोकांसाठी, असा माझा खरा हिशेब होता, आणि तुम्ही मला नेहमी नेमके याच्या उलट धरून प्रश्न विचारता. मांडवातल्या लोकांनी तो हिशेबही मोडला.

पुढे तीच कथा मी महाराष्ट्रातल्या एका दिवाळी अंकाकडे पाठवली. संपादकांनी सौजन्याने लिहिले, की विनोदामुळे सीमाभागातल्या वेदनेची धार बोथट होते आहे. म्हशी काढून मुदत घातली तर बरे. मला राग आला आणि अजून आहे. येळ्ळूरच्या माणसाला जेवणानंतर हसायचे असते, ही करमणूक. आणि दूरच्या शहरातल्या माणसाला दिवाळीत फराळ करता करता आमच्यासाठी हळहळायचे असते, ते मात्र साहित्य? दोघेही माझ्याकडून काहीतरी घेऊनच उठतात. फरक इतकाच, की पहिला घेतल्याचे कबूल करतो. मात्र हेही खरे, की संपादकांनी सुचवलेला बदल मी करून पाहिला होता आणि तो वाईट झाला नव्हता. तो मसुदा मी फाडलेला नाही.

यंदा पुन्हा बोलावणे आले आहे. कागदाचीच गोष्ट सांगा, असे संयोजकांनी आवर्जून कळवले आहे. मी विचारले, की मला सकाळचे सत्र देता येईल काय. त्यांचे उत्तर आले, की सकाळी दिंडी आणि पाहुण्यांची भाषणे असतात, कथाकथन जेवणानंतरच ठेवतो, नाहीतर माणसे घरी जातात. मी होकार कळवला आहे. कोणता मसुदा वाचायचा, ते अजून ठरलेले नाही.